चांदीची रेघ कुठे ओढायची?

सौर पॅनेल जवळून पाहिले की सेलवर अगदी बारीक, समांतर रेघा दिसतात. त्या चांदीच्या असतात. सिलिकॉनमध्ये तयार झालेली वीज गोळा करून बाहेर नेणे हे त्यांचे काम. पण रेघेखाली ऊन पोचत नाही, तेवढी जागा वीजनिर्मितीला मुकते. रेघांमधले अंतर निम्मे केले तर सिलिकॉनच्या वरच्या थरातून वाहताना वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते, सावली मात्र दुप्पट होते. शिवाय चांदीचा खर्च वाढतो तो वेगळाच!

हा तिढा सोडवणारी एक देखणी गणिती रीत म्हणजे टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन. मार्टिन बेंडसो आणि नोबोरू किकुची यांच्या १९८८ च्या निबंधाने तिचा पाया घातला, तोही भार पेलणाऱ्या सांगाड्यांसाठी. सेलचे हजारो चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात ० ते १ यांमध्ये किती धातू, हे संगणकाने ठरवायचे. खरी चतुराई पुढे आहे. वाहकता मोजताना त्या आकड्याचा साधारणपणे घन घेतात. म्हणजे ०.५ धातू भरलेल्या चौकोनाला श्रेय जेमतेम ०.१२५. असा अर्धवट सौदा परवडत नाही, म्हणून चौकोन हळूहळू पूर्ण भरतात किंवा पूर्ण रिकामे होतात.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ही रीत सौर सेलवर वापरली, तेव्हा पानाच्या शिरांसारखे फाटे फुटलेले नक्षे निघाले. सेल चौकोनी नसून वेड्यावाकड्या आकाराचा असेल, तर तिचा उपयोग विशेष जाणवतो. तिथे समांतर रेघांचा ठरीव हिशेब लागू पडत नाही.