हवापाण्याच्या गोष्टी : ऊबदार तळ्याचा बर्फ

गेल्या आठवड्यात आपण भोपाळच्या मोठ्या तलावावरच्या पहाटेच्या धुक्याबद्दल बोललो. पाणी कोमट, वरची हवा गार, म्हणून वाफ उठते आणि दिसू लागते. हेच सूत्र फार मोठ्या तळ्याला आणि फार थंड हवेला लावलं, तर काय होतं ते आज पाहू.

इथल्या अरेरा कॉलनीतल्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. त्यातलं कुणी बफेलोकडे राहत असेल, तर हिवाळ्यात फोटो येतात: दार आत ओढलं तर समोर बर्फाची भिंत, तिच्यावर दाराच्या नक्षीचा ठसा. इकडून पहिला प्रश्न ठरलेला, ‘फार थंडी आहे का गं?’ थंडी असतेच. पण मिनियापोलिसचा हिवाळा बफेलोपेक्षा कितीतरी कडक, आणि तरी तिथे सरासरीने बर्फ पडतो तो बफेलोच्या निम्म्याच्या आसपास. फरक तळ्याचा आहे. बफेलो एरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलंय, आणि बर्फासाठी लागणारी ऊब आणि ओल हे सरोवर पुरवतं.

पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. नोव्हेंबरात कॅनडाकडून गोठणबिंदूच्या बरीच खाली गेलेली हवा उतरते, तेव्हा एरीचं पाणी अजून ८-१० अंशांवर असतं. पाण्याला टेकलेली हवा तापते, वाफ पिते, हलकी होऊन वर चढते. चढणारी हवा ढग होईपर्यंत दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी निवते, मग जरा हळू. म्हणून तिथले हवामानवाले एक आकडा जपतात: पाणी आणि दीड किलोमीटरवरची हवा यांच्यात निदान १३ अंशांचा फरक हवा. तेवढा असला, की वर चढणारी हवा सभोवतालच्या हवेपेक्षा गरमच राहते आणि चढतच जाते. ढग जमतात, कधी बर्फ पडताना विजाही कडाडतात. किनारा लागला की जमिनीच्या घर्षणाने वारा मंदावतो, हवा दाटते, पुढच्या टेकड्या तिला आणखी उचलतात. सगळा माल किनाऱ्यालगत रिकामा होतो.

यात वाऱ्याची दिशा सर्वांत महत्त्वाची. एरी सुमारे ३८८ किलोमीटर लांब, पण जास्तीत जास्त ९२ किलोमीटर रुंद. वारा आडवा वाहिला तर लहान लहान पट्टे उठतात, बर्फही बेताचा. तो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून सरोवराच्या लांबीने वाहिला, तर हवा शेकडो किलोमीटर पाण्यावरून येते आणि एकच दाट पट्टा तयार होतो. हा पट्टा अरुंद असतो. श्रावणात १० नंबर मार्केट भिजतं आणि बिट्टन मार्केट कोरडं राहतं, तसंच काहीसं. फक्त आपली सर अर्ध्या तासात सरते, तो पट्टा मात्र दिवसभर एकाच जागी उभा राहू शकतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेमकं तेच झालं. बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ साचला, आणि शहराच्या उत्तरेला जेमतेम काही इंच. कोल्सव्हिल या गावी दोन टप्प्यांत मिळून ८८ इंच, म्हणजे सव्वासात फुटांहून अधिक. महामार्गावर गाड्या अडकल्या, फुटबॉलच्या बफेलो बिल्स संघाला घरचा सामना डेट्रॉइटला जाऊन खेळावा लागला. २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसंच, पुन्हा डेट्रॉइट.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचं काय? महाबळेश्वरचा वेण्णा तलाव चटकन आठवतो. दर हिवाळ्यात ‘वेण्णा लेकवर बर्फ’ अशी बातमी येते. मला ही बातमी आवडते, पण तिथे पडत काहीच नाही. आभाळ निरभ्र, वारा थांबलेला, अशा रात्री गार हवा उतरून सखल भागात साचते. जेटीच्या फळ्या आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडून शून्याखाली जातात आणि दव गोठतं. बफेलोला वारा लागतो, वेण्णेला वारा नको असतो.

आणि भोपाळ? राजा भोजाचा मोठा तलाव सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा. एरीत असे आठशे तलाव मावतील. हवेला पाणी पिऊन फुगायला एवढं अंतर पुरत नाही. शिवाय जानेवारीतही आपल्या डोक्यावरची दीड किलोमीटरवरची हवा शून्याच्या बरीच वर असते. व्हीआयपी रोडवरून पहाटे दिसणारी वाफ ही आपली कमाल मर्यादा.

एरी उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर, त्यामुळे ते बरेचदा गोठतं. वर बर्फाचं झाकण बसलं की वाफ तुटते आणि हा खेळ आवरतो. अपवादही मोठा नामी आहे. १९७६ साली सरोवर डिसेंबरातच गोठलं, लोक निर्धास्त झाले. गोठलेल्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेला, आणि जानेवारी १९७७ च्या वादळाने तो उचलून शहरावर आणून ओतला. आभाळातून पडला त्याहून सरोवरावरून उडून आलेल्या बर्फाने लोकांना जास्त छळलं. शेजारचं ऑन्टारियो सरोवर खोल, सहसा गोठत नाही. म्हणून त्याच्या पूर्वेच्या टग हिल पठारावर हिवाळाभर बर्फ चालूच असतो.

हल्ली सरोवरं पूर्वीपेक्षा कमी गोठतात, म्हणजे पाणी जास्त काळ उघडं. हवा पुरेशी थंड असेल तोवर बर्फाचा मोसम लांबणार. ती फार तापली तर तीच ओल पाऊस होऊन पडेल.

मुलाकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आजोबांसाठी एक गोष्ट. हा बर्फ ताजा असताना पिसासारखा हलका वाटतो, पण फूट-दोन फूट साचून दबला की त्याचं ओझं छपरं मोडण्याइतकं होतं. २०१४ च्या त्या वादळातले बरेच मृत्यू फावड्याने बर्फ उपसताना हृदय बंद पडून झाले. तेव्हा ते काम मुलाला किंवा यंत्राला करू द्या.