संघ आणि साहेब : लेखांक ६
कोचच्या हातात सही नाही

इंजेक्शनला दहा मिनिटं, आंघोळीला पंधरा, पायात घट्ट वैद्यकीय मोजे चढवायला अडीच. नेदरलँड्समध्ये घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचं काम एकेकाळी असं घड्याळावर बांधलेलं होतं. कोणत्या दारी कधी जायचं हे दूरच्या ऑफिसातला नियोजक ठरवी, आणि आजीबाईंच्या दारात सारखा नवा चेहरा उभा राही. स्वतः नर्स म्हणून काम केलेल्या योस द ब्लोक यांना हे पटेना. २००६ मध्ये त्यांनी चार नर्सेसच्या एका टीमनिशी ‘ब्यूर्टझोर्ग’ सुरू केली. दहा वर्षांत संस्थेतल्या नर्सेसची संख्या दहा हजारांच्या घरात गेली, तरी टीमवर मॅनेजर नेमलाच नाही.

एका टीममध्ये जास्तीत जास्त बारा जण. रुग्ण घेणं, ड्यूट्या लावणं, ऑफिससाठी जागा भाड्याने बघणं, नवी नर्स निवडणं, सगळं त्यांचं त्यांनीच करायचं.

बारा माणसं म्हटली की कुरबुरी आल्याच. समजा, रविवारची ड्यूटी दर वेळी त्याच दोघींच्या गळ्यात पडते, धुसफूस वाढते आणि टीमच्या मदतीसाठी असलेल्या संस्थेच्या कोचला फोन जातो. एरवीचा सुपरवायझर संध्याकाळपर्यंत नवा तक्ता लावून मोकळा होईल. इथला कोच आधी विचारतो: या दोघींनी हे बैठकीत मांडलं का? तुम्ही आजवर काय करून पाहिलंत? हवं तर तो बैठकीला येऊन बसतो, पण निर्णय टीमचाच. त्यासाठीचा नियम व्यवहारी आहे. प्रस्ताव सगळ्यांना मनापासून आवडेपर्यंत थांबायचं नाही; कोणाचा तत्त्वतः विरोध नसेल तर तो लागू करायचा आणि अडचण आली की पुन्हा चर्चेला घ्यायचा. अशी बैठक कशी चालवायची याचं प्रशिक्षण टीमला दिलं जातं.

मॅनेजरांना शिबिरात नुसतं प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या कंपन्या नेमक्या इथे चुकतात. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं साहेबाने विचारायचं आणि शेवटी सही त्याचीच लागायची, तर माणसं विचार करायला शिकत नाहीत. साहेबाच्या मनातलं उत्तर ओळखायला शिकतात. ब्यूर्टझोर्गच्या कोचला टीमवर अधिकारच नाही, नफ्यातोट्याचं टार्गेटही नाही. एकेका कोचकडे चाळीस-पन्नास टीम्स असल्याने लुडबूड करायला सवडही नाही. टीमला मात्र आपले आणि इतरांचे आकडे संस्थेच्या इंट्रानेटवर दिसतात. आपण मागे पडलोय हे वरून कोणी येऊन सांगावं लागत नाही.

विशेष म्हणजे नर्सेस रुग्णांशीही असंच वागतात. जमेल त्याला स्वतःचं इंजेक्शन घ्यायला शिकवतात, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना हाताशी धरतात. अर्न्स्ट अँड यंगच्या २००९ च्या पाहणीत इतर संस्थांच्या तुलनेत इथे रुग्णामागे सुमारे ४० टक्के कमी तास लागल्याचं दिसलं.

टीम घडवणाऱ्या वाचकांनी या महिन्यात एकच निर्णय, सुट्ट्यांचा तक्ता म्हणा, पूर्णपणे टीमवर सोपवून पाहावा. आणि त्याखालची आपली सही आधी काढून टाकावी.