ऐकणारे किती आणि मागं म्हणणारे किती?

श्रोतेहो, आज आम्ही एका जुन्या तक्रारीचा विचार करणार आहोत. ‘आता पूर्वीसारखे श्रोते राहिले नाहीत,’ ही ती तक्रार. पुण्याच्या मैफलीत ती ऐकू येते, तमाशाच्या कनातीत ऐकू येते आणि वेल्ह्याहून केळदच्या वाटेवर असलेल्या पासलीसारख्या गावांतल्या भजनी मंडळांतही ऐकू येते. शब्द तेच असले तरी प्रत्येक ठिकाणी ‘श्रोता’ म्हणजे वेगळा माणूस असतो. तो कोण, हे कळल्याशिवाय तक्रार कळत नाही.

मैफलीत श्रोता समोर बसतो. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. तिथे गवयाला हवी असते ती समेवर हललेली मान. तमाशात दाद पैशानं मिळते. दौलतजादा करणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, फर्माईश होते, आणि कलावंताला त्याचं मन राखावं लागतं. गोंधळ्याचं आणखी निराळं. संबळ-तुणतुण्यावर तो आधी देवीला बोलावतो. त्याची मुख्य श्रोती तीच, यजमानाचं घर त्यानंतर.

आता भजनाकडे या. इथे समोर बसणारा असला काय, नसला काय, भजन चालतं. पण मागं म्हणणारा नसेल तर ते चालत नाही. म्हणजे बघा, बुवा चरण म्हणतो, टाळकरी तो उचलतात. तेवढ्यात बुवाला दम घ्यायला आणि पुढचं सुचायला वेळ मिळतो. मृदंगाची लग्गी चढते, तीही या आवाजांच्या आधारावर. मागं दोनच माणसं असली तर बुवालाच दोन्ही बाजू ओढाव्या लागतात. मग लय चढत नाही आणि भजन रंगत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात हा हिशेब उघड दिसतो. ‘अखंड’ म्हणजे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाला १२ आणि सप्ताहाला ८४ पहारे होतात. प्रत्येक पहाऱ्याला वीणेकरी हवा, सोबत टाळकरी हवेत. ज्या डोंगरी गावातली तरणी माणसं नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली, तिथे पहाटे दोन ते चारच्या पहाऱ्याला कोण उभं राहणार?

इथं उपाय चुकतो असं आम्हाला वाटतं. ‘लोक येत नाहीत’ म्हणून मोठ्या नावाचा कीर्तनकार बोलावतात, मोठा मंडप घालतात, कर्णे वाढवतात. संध्याकाळी मंडप भरतोही. पण आलेली माणसं बसून ऐकतात आणि कीर्तन संपलं की उठून जातात. रात्रीचा पहारा म्हातारी माणसंच ओढतात. गर्दी वाढली तरी मागं म्हणणारा एकही वाढला नाही.

उलट जिथे पहारे शेजारच्या वाड्यांना वाटून दिले जातात, बायकांची भजनी मंडळं पहारा घेतात, पोरांच्या हाती लहानपणीच टाळ येतात, तिथे सप्ताह टिकतो. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून कीर्तनकार आणि मृदंगाचार्य घडवते आहे. तिथं शिकलेला मुलगा गावात मृदंगावर बसला तर मंडळाला बळ येतं. मात्र त्याच्या मागचे दहा आवाज गावालाच तयार करावे लागतात.

म्हणून कलावंतानंही ‘लोकांची आवड बिघडली’ असं चटकन म्हणू नये. भजनात आपला श्रोता हा आपल्याच गाण्याचा अर्धा गायक असतो. तो बहुधा रुसलेला नसतो, पोटासाठी गाव सोडून गेलेला असतो. किंवा त्याला टाळ कुणी शिकवलेलाच नसतो. रुसलेल्याला मनवणं आणि न शिकलेल्याला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

तुमच्या गावचा बुवा ही तक्रार करू लागला तर त्याला एवढंच विचारा : बुवा, ऐकायला कोणी नाही, की मागं म्हणायला कोणी नाही? दुसरं उत्तर आलं, तर टाळ मागून घ्या आणि मागच्या रांगेत उभे राहा.