प्रसंग तसा कॅमेरा

काही वर्षांपूर्वी अश्दोद येथे आमच्या कन्येच्या मेंदीचा समारंभ झाला. आमच्या वृद्ध मातोश्रींनी थरथरत्या हाताने नातीच्या तळहातावर मेंदी टेकवली, तो क्षण आम्ही डिजिटल कॅमेऱ्याने टिपला. घरी येऊन पाहतो तो हात व मुख दोन्ही पुसट! त्याच वर्षी मातोश्री निवर्तल्या. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. आमच्या वाचक बंधुभगिनींवर तशी पाळी येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅमेरा प्रकाश तीन प्रकारे सांभाळतो. भिंगाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहानमोठे होते, शटर कमीअधिक वेळ उघडे राहते, आणि आय.एस.ओ. वाढविला की अल्प प्रकाशही पुरतो. स्वयंचलित यंत्र या तिघांचा मेळ घालते खरे. परंतु चित्रात महत्त्वाचे काय, हे त्यास ठाऊक नसते. ते आपणच सांगावयाचे असते.

त्या रात्री आमचा आय.एस.ओ. २०० वर राहिला होता. मंद दिव्यांत शटर १/१५ सेकंद उघडे राहिले व तेवढ्यात मातोश्रींचा हात हलला. आय.एस.ओ. १६०० केला असता, तर त्याच प्रकाशात १/१२५ सेकंद पुरला असता. चित्रात थोडे दाणे दिसले असते. पण दाणेदार मुख ओळखता येते, पुसलेले येत नाही. नाचणाऱ्या मुलांसाठी तर १/२५० किंवा त्याहून कमी वेळ हवा.

मलिद्याच्या ताटाचे प्रकरण निराळे. ताट हलत नाही. परंतु जवळून चित्र घेताना पुढचे पोहे स्पष्ट व मागची फळे अंधुक येतात. तेथे छिद्र एफ/८ किंवा एफ/११ इतके लहान करावे, कॅमेरा स्थिर आधारावर ठेवावा आणि शटरला सावकाश उघडू द्यावे. दिव्यांमुळे चित्र पिवळे येत असेल, तर व्हाइट बॅलन्स बल्बच्या खुणेवर आणावा.

पांढऱ्या पोशाखातील नवरी चौकटभर घेतली, की यंत्र तो शुभ्र रंग करडा करून टाकते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करावे. नेगेवच्या भर उन्हात आय.एस.ओ. १००, एफ/८ व १/५०० सेकंद हे प्रमाण सहसा जमते. मात्र टोपीखालचे चेहरे काळे पडतात. तेथे दिवसाही फ्लॅश वापरावा, अथवा मंडळींना सावलीत उभे करावे.

शेवटी एक विनंती. समारंभास थोडे आधी जावे, त्याच दिव्यांत एक चित्र घेऊन पडद्यावर मोठे करून पाहावे, आणि मग प्रथम घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे घ्यावीत. मुलांची चित्रे पुढच्या समारंभातही घेता येतील.