विश्लेषण : पाठीवरचा बॅटरी पंप दुसऱ्याच हंगामात का बसतो?

मृगाचा पाऊस पडून गेला की जळगाव-धुळ्यातल्या कृषी सेवा केंद्रांत गेल्या वर्षीचे फवारणी पंप दुरुस्तीला येऊ लागतात. तक्रार बहुतेकांची सारखीच असते. पंप सुरू होतो, हिरवा दिवा लागतो, पण दोन टाक्या मारल्या की धार मरते. मोटर ठीक, नोझल ठीक, डायफ्रॅमही ठीक. बसलेली असते ती बॅटरी. वायरविना चालणारे यंत्र म्हटले की शहरी वाचकाला भिंत भोकणारे ड्रिल किंवा हातातला व्हॅक्यूम क्लीनर आठवतो. खान्देशात मात्र अशा यंत्रांपैकी घरोघरी पोहोचलेले यंत्र हेच. त्यातच २०२४ मध्ये राज्य सरकारने कापूस, सोयाबीन आणि तेलबियांच्या विशेष कृती योजनेतून हे पंप १०० टक्के अनुदानावर देऊ केले. त्यामुळे ते वर्षभरात का दगावतात, हा प्रश्न आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही.

एका चार्जिंगमध्ये किती पंप?

पाठीवरच्या पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ गुणिले ८ म्हणजे ९६ वॉट-तास. मोटर अडीच अँपिअर ओढते असे धरले तर ती ३० वॉटवर चालते, म्हणजे कागदावर तीन तासांहून थोडे जास्त. प्रत्यक्षात शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. हिशेब म्हणून हाती उरतो दीड तास. कपाशी कमरेएवढी झाली की एकरी १०-१२ पंप लागतात. मग शेतकरी धार मरेपर्यंत फवारतो. करणार काय? अर्धे शेत सोडून घरी चार्जिंगला कोण जाणार?

पुन्हा वजन आहेच. १६ लिटरची भरलेली टाकी म्हणजे १६ किलो पाणी. त्यात पंपाचे आणि अडीच किलोच्या बॅटरीचे ओझे. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी साधारण किलोभराची असते.

मग बॅटरी मरते केव्हा?

फवारताना नव्हे, कोपऱ्यात पडून असताना. दिवाळीनंतर पंप धुऊन माळ्यावर जातो, तो थेट जूनमध्ये उतरतो. त्या वेळी बॅटरी बहुधा अर्धीमुर्धी रिकामीच असते. अशा अवस्थेत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे जमतात, आणि महिनोन्महिने तसेच राहिले की ते कडक होऊन चार्जिंगनेही विरघळत नाहीत. भरलेली बॅटरीसुद्धा २५ अंश तापमानात महिन्याला सुमारे ३ टक्के आपोआप उतरते, आणि उष्णतेबरोबर हा वेग वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

उपाय अगदी साधा आहे. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून घरातल्या थंड जागी ठेवायची, आणि दर दोन महिन्यांनी एकदा पुन्हा चार्ज करायची. पंपाबरोबरच्या कागदावर हे छापलेले असलेच तर इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असते.

लिथियमने प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो. लिथियम बॅटरीत सल्फेटचा प्रकार नाही आणि पडून राहिली तरी ती फार हळू उतरते. शिसे-आम्ल बॅटरी खोलवर उतरवून दोन-तीनशे वेळा भरता येते, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची हजारांहून अधिक वेळा. पण तिचीही पथ्ये आहेत. बहुतेक लिथियम सेल ० ते ४५ अंश तापमानातच चार्ज करावेत, असे सेल बनवणारेच सांगतात. म्हणजे वैशाखात भर दुपारी ओट्यावर चार्जिंगला लावणे नियमात बसत नाही. रात्री लावावे. दुसरे पथ्य चार्जरचे. तीन सेलची साधी लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते, तर शिसे-आम्लचा चार्जर १४ व्होल्टच्या पुढे जातो. पिन बसली म्हणून जुनाच चार्जर लावला आणि आतले संरक्षक सर्किट हलक्या दर्जाचे असले तर आगीची भीती असते.

वायरविना यंत्रे आली कुठून?

ती 'नासा'ने शोधली, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणले होते. चांद्रमोहिमांसाठी तिने ड्रिलवर काम केले ते त्यानंतर, आणि घरगुती 'डस्टबस्टर' आला १९७९ मध्ये. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली आणि छोट्या कंपन्यांनाही या क्षेत्रात जागा मिळाली. ब्रिटनच्या वूस्टर शहरात निक ग्रे यांनी २००१ मध्ये काढलेली 'जीटेक' ही त्यांतलीच एक. घरातल्या सफाईच्या यंत्रापासून सुरुवात करून ती बागेच्या यंत्रांपर्यंत गेली. पण वूस्टरच्या हिरवळीसाठी आखलेले यंत्र यावल-रावेरच्या उन्हात तसेच टिकेल, असे धरून चालत नाही.

असे यंत्र खान्देशात घडू शकते?

प्लास्टिक ओतण्याचे काम जळगावला नवे नाही. इथल्या एमआयडीसीत चटया होतात, पाइप होतात. जैन उद्योगसमूहाची सुरुवात १९६३ मध्ये रॉकेलच्या विक्रीतून झाली, १९८० मध्ये तो पीव्हीसी पाइपांकडे वळला आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबककडे. परदेशी तंत्र इथल्या जमिनीला आणि पाण्याला बसेल असे करून घेतले, हे त्यामागचे खरे काम. बॅटरी पंपात हेच करायला वाव आहे. टाकी, पट्टे, लान्स इथे होईल. सेल मात्र अजून प्रामुख्याने चीनमधून येतात, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. छोट्या उद्योजकाच्या हाती राहते ती आखणी. बॅटरी उष्णतेपासून दूर कुठे बसवायची, ती चिमट्याने निघेल की सहा स्क्रू काढावे लागतील, तीच बॅटरी रात्री दिव्याला किंवा पंख्याला चालेल का. मकिता, बॉश या कंपन्यांनी १८ व्होल्टच्या एका बॅटरीवर डझनावारी यंत्रे चालवून दाखवली आहेत. फक्त एकीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात बसत नाही, आणि ते मुद्दामच.

आखणीचा संबंध जिवाशीही आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाच्या चर्चेत माणसाच्या उंचीची कपाशी आणि बारीक तुषार उडवणारे पंप, दोन्ही आले होते. हातपंप मारताना माणूस दमतो, थांबतो. बॅटरी पंप त्याला थांबू देत नाही. दाब कमी-जास्त करण्याची कळ आणि न गळणारे झाकण नसलेला पंप स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घेताना काय विचारावे?

बॅटरी कोणत्या प्रकारची आणि किती अँपिअर-तासांची, हे लेबलवर पाहावे. ती सुटी मिळते का आणि केवढ्याला, हे पैसे देण्याआधी विचारावे. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. शिशाला भंगारात भाव मिळतो, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. हमीचा कागदही नीट वाचावा. हमी सहा महिन्यांची असेल तर जूनमध्ये घेतलेल्या पंपाची ती डिसेंबरातच संपते. बॅटरीची परीक्षा होते पुढच्या जूनमध्ये.