तीन दिवसांत छापलेला माझा पहिला शोधनिबंध

आपल्या घराघरांत हल्ली पीएच.डी. करणारी मुलं-मुली आहेत. दिवाळीच्या फराळाला जमलो की "लग्न कधी?"च्या जोडीनं "पेपर छापून आला का?" हा प्रश्न येतोच. त्या प्रश्नाच्या घाईत मी एक चूक केली होती. ती तुम्ही करू नये म्हणून लिहिते आहे.

२०१७ साली मी वडोदऱ्यात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. भुईमुगाच्या बियाण्यावरची बुरशी आणि तिच्यावर कडुनिंबाच्या अर्काचा परिणाम, हा माझा विषय. तेव्हाच्या नियमानुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणं सक्तीचं होतं. मुदत जवळ आलेली. तेवढ्यात एका नियतकालिकाची ईमेल आली. सुरुवातच "आदरणीय प्राध्यापक" अशी, आणि मी तर विद्यार्थिनी! ३ दिवसांत प्रसिद्धी, फी २,५०० रुपये. यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत त्यांचं नाव होतं, म्हणून मी निर्धास्तपणे पैसे भरले. तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रासकट निबंध हजर.

मी तो हौसेनं आजोबांना दाखवला. त्यांचं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं.

"छान. पण तपासला कोणी?" त्यांनी विचारलं.

"संपादकांनी तपासला असेल ना, आजोबा."

"तुला काही विचारलं का त्यांनी?"

काहीच विचारलं नव्हतं. मी विषय बदलला.

दोन वर्षांनी सौराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याची ईमेल आली. माझ्या तक्त्यातलं प्रमाण घेऊन त्यानं प्रयोग केला होता. बियाणं धड उगवलंच नाही आणि त्याचा अख्खा हंगाम वाया गेला. मी निबंध उघडला. मजकुरात ०.५ टक्के होतं, तक्त्यात ५ टक्के. टंकलेखनाची चूक माझीच, पण मजकूर आणि तक्ता कोणी शेजारी ठेवून वाचला असता तर ती पाच मिनिटांत सापडली असती.

हे वाचण्याचं काम म्हणजेच पिअर रिव्ह्यू. संपादक निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. ते बहुधा विनामोबदला वाचतात, शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात. यात आठवडे, कधी महिने जातात. छापल्यावर चूक सापडली तर दुरुस्ती प्रसिद्ध करायची आणि निष्कर्षच भरवशाचे नसतील तर निबंध मागे घ्यायचा, अशी रीत आहे. संपादकांसाठी असे संकेत ठरवणारी 'कोप' ही संस्था १९९७ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली.

चूक नामांकित ठिकाणीही होते. 'द लॅन्सेट'नं १९९८ साली १२ मुलांवरचा एक निबंध छापला आणि त्यातून गोवराच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. पालक घाबरले, ब्रिटनमध्ये लसीकरण घटलं. निबंध मागे घ्यायला २०१० उजाडलं. उशीर झाला खरा, पण आज तो निबंध उघडला की 'मागे घेतला' हा शिक्का सर्वांना दिसतो.

मी माझ्या नियतकालिकाला दुरुस्तीसाठी लिहिलं, तर त्यांनी पुन्हा फी मागितली. निबंध काढून टाकायलाही वेगळे पैसे! तोवर यूजीसीनं मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नावं वगळली होती, त्यात हेही होतं. शेवटी मी त्या विद्यार्थ्याला बरोबर आकडा कळवून माफी मागितली. नोकरीच्या अर्जातून तो निबंध काढला. मुलाखतीत विचारलं तेव्हा जे झालं ते सांगितलं. ती नोकरी मिळाली नाही, पुढची मिळाली.

असं फसवणारा धंदा मोठा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं हैदराबादच्या एका प्रकाशन समूहाला पिअर रिव्ह्यू आणि फीबाबतच्या फसव्या दाव्यांसाठी ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली.

प्रबंधाआधी निबंधाची सक्ती यूजीसीनं २०२२ मध्ये काढली. नंतरची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थांवर आली आहे. फी घेतात म्हणून नियतकालिक खोटं ठरत नाही; सर्वांना मोफत वाचता येणारी अनेक चांगली नियतकालिकंही लेखकाकडून फी घेतात. मी आता माझ्या विद्यार्थ्यांना एवढं करायला सांगते: त्यातले दोन जुने निबंध नीट वाचा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारा, कारण कित्येकदा आपलं नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. फी आधी स्पष्ट सांगितली आहे का, आणि दुरुस्तीचा नियम लिहिला आहे का, ते पाहा.

माझा दुसरा निबंध छापून यायला सात महिने लागले. एका परीक्षकानं १९ शंका काढल्या होत्या. ती यादी मी आजोबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "हां, याला म्हणतात वाचणं."

तो जुना निबंध अजून इंटरनेटवर आहे, ५ टक्क्यांसकट. वर्षातून एकदा तरी मी शोधून पाहते, त्याचा आधार आणखी कोणी घेतला तर नाही ना.