आकाशकंदील घरीच करू या, आजी-आजोबांच्या हातांनी

दिवाळी जवळ आली की सुमारे १,१०० मीटर उंचीवरील आमच्या चिखलदऱ्यात थंडीची चाहूल लागते. याच सुमारास दवाखान्यात वयोवृद्धांच्या दोन तक्रारी वाढतात. सकाळी बोटे आखडतात, ही पहिली. दुसरी ते सहसा उघडपणे सांगत नाहीत : घरात सणाची लगबग असते, पण त्यात त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. ‘तुम्ही स्वस्थ बसा’ हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असले, तरी ते माणसाला हळूहळू घराबाहेर काढते. या दोन्ही तक्रारींवर पूरक ठरेल असा एक घरगुती उद्योग म्हणजे कामट्यांचा आकाशकंदील.

चीनमध्येही नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला कागदी कंदिलांचा उत्सव होतो. आपल्याकडे बांबूची कामटी आणि पतंगी कागद पिढ्यान्‌पिढ्या हाताखालचे आहेत. मेळघाटच्या जंगलात बांबू मुबलक. धारणी तालुक्यातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने तर या कलेला रोजगाराची जोड दिली आहे.

कृती

एक वीत लांबीच्या, सारख्या मापाच्या २४ कामट्या घ्याव्यात. चार-चार कामट्यांची टोके दोऱ्याने बांधून सहा चौकोन करावेत. त्यांपैकी चार चौकोन कोपऱ्यावर उभे धरून एकमेकांच्या बाजूच्या कोपऱ्यांशी बांधावेत. म्हणजे कडे तयार होते. उरलेल्या दोन चौकोनांपैकी एकाचे कोपरे या कड्याच्या वरच्या टोकांना आणि दुसऱ्याचे खालच्या टोकांना बांधले, की सांगाडा पूर्ण होतो. वरचा व खालचा चौकोन मोकळा ठेवून बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण यांवर रंगीत कागद चिकटवावा. शेवटी खाली झिरमिळ्या लावाव्यात.

खळ मैदा आणि पाण्याची, मंद आचेवर शिजवलेली असावी. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे. लहान मुले किंवा विस्मरणाचा विकार असलेली व्यक्ती घरात असताना ते मुळीच वापरू नये.

हातांना काय लाभते?

गाठ मारणे, कागद दुमडणे, कड दाबून धरणे यांत अंगठा आणि तर्जनीची चिमूट सतत वापरली जाते. सदऱ्याची गुंडी लावणे, गोळीचे वेष्टन उघडणे ही रोजची कामे याच चिमटीवर अवलंबून असतात. सांधे आखडत असल्यास काम दुपारी, उन्हाच्या कवडशात करावे. आधी पाच-दहा मिनिटे हात कोमट पाण्यात बुडवावेत. मधुमेहामुळे बधिरता असल्यास पाण्याची उष्णता दुसऱ्याने पाहावी. दर वीस मिनिटांनी विश्रांती घ्यावी. सांधा सुजलेला वा तापलेला असेल, तर त्या दिवशी काम नको.

पक्षाघातानंतर एक हात अशक्त असल्यास त्या हाताने कागद दाबून धरावा, दुसऱ्याने खळ लावावी. कंपवात असल्यास कापण्याचे काम नातवंडांकडे द्यावे. स्मृतिभ्रंशात कालची गोष्ट आठवत नाही, पण हातांना पडलेले वळण पुष्कळदा अधिक काळ टिकते. अशा व्यक्तीला एका वेळी एकच सोपे काम द्यावे आणि चुकले तरी टोकू नये. वाकडी झिरमिळी कंदिलाला शोभूनच दिसते.

काय जपावे?

कामट्या तासण्याचे काम तरुणांनी करावे व त्यांवरून काचकागद फिरवावा. कूस रुतल्यास ती काढून जखम साबण-पाण्याने धुवावी. मधुमेही व्यक्तींनी आणि धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटलेल्यांनी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास पाते हाती धरूच नये.

आत पणती किंवा मेणबत्ती नको. कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा. वायरीचे जोड उघडे नाहीत, दवाने भिजणार नाहीत, याची खात्री करावी.

सर्वांत मोठा धोका कंदील टांगताना असतो. स्टुलावर चढून मान वर केली की अनेक वृद्धांचा तोल जातो. रक्तदाबाच्या काही औषधांनीही भोवळ येते. खुब्याचे हाड मोडले, की चालते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते. म्हणून तरुणांनी आधीच आढ्याला एक लहान कप्पी बसवावी आणि तीतून दोरी ओवावी. पूर्वी अंगणातील उंच काठीवर आकाशदिवा असाच दोरीने चढवीत. आजीने खुर्चीत बसून दोरी ओढावी, कंदील वर जावा आणि दोरी खुंटीला बांधण्याचे काम नातवाने करावे.

बाजारात तयार कंदील मिळतो आणि तो सुबकही असतो. मात्र काळजीवाहकांनी या वर्षी चार दिवस आधी कामट्या व कागद आणून वडीलधाऱ्यांसमोर ठेवावेत आणि ‘कसा करायचा, ते आम्हांला दाखवा’ असे म्हणावे. पुढचे ते सांगतील.